‘क्रेव्हन’चा अर्थ सांगणारी ताई

ताई गेल्याची तार आरमोरीला आली तेव्हा मी धानाच्या बांधावर होतो. आलापल्लीच्या जंगलातला हिवताप तिच्या डोक्यात चढला आणि दोन दिवसांत सगळं संपलं...

ताई आलापल्लीच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. स्वभावाने अशी भित्री की विहिरीवरही एकटी जात नसे. पाचेक वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे असताना वाघाने नाल्याकाठी एका वनरक्षकाला उचललं. सोबतचा मजूर मादू झाडावर चढला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी लाकडाच्या डेपोत, सगळ्यांसमोर, जंगल खात्याचे साहेब मादूला इंग्रजीत म्हणाले, ‘क्रेव्हन!’ शब्द कुणालाच कळला नाही, पण माना खाली गेल्या.

संध्याकाळी मादू आमच्या दारात उभा राहिला. “बाई, क्रेव्हन म्हंजे का जी?”

ताई खोटं बोलली नाही. “भेकड. ज्याले पाहून लोकायले किळस येते, असा.”

मादू निघून गेला. सकाळी कळलं, तो कुऱ्हाड घेऊन एकटाच त्या नाल्याकडे गेलाय. ताई तशीच निघाली. मी मागे धावलो. सागाची पानं झडलेली, पायाखाली प्रत्येक पान वाजत होतं. वरून वानरं खेकसू लागली आणि मग एकदम गप्प झाली. नाल्याकाठी मादू उभा होता. चिखलात पंजा उमटला होता, त्यात पाणी अजून झिरपत होतं.

“जा बाई तुम्ही. मले त्याच्याकडंच जाऊ द्या.”

“मादूभाऊ, मी भेऊन राह्यली. पाहा, माहे पाय लटपटून राह्यले. मी क्रेव्हन आहो का?”

त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. “नाई.”

“मंग तुमी बी नाई. भेलेल्या माणसाले तो शब्द नाई लावत. चाला घरी.”

आम्ही पाठ न वळवता, मागे सरकत निघालो. पलीकडच्या बांबूत काहीतरी आमच्याबरोबर चालत होतं.

त्याच दुपारी ताई साहेबांकडे गेली, शब्द मागे घ्या म्हणाली. त्यांनी घेतला नाही. वाघही सापडला नाही. त्या पावसाळ्यात त्याने एका बाईलाही नेलं.

आलापल्लीला अंत्यविधीची बुद्धवंदना आटोपल्यावर ताईची खोली बंद करायला मादूच माझ्यासोबत आला. रात्री आतून कडी लावली की ताई ती पुन्हा ओढून पाहायची, मग दाराला कान लावून थोडा वेळ उभी राहायची. मी कडी लावली. मादूने ती ओढून पाहिली आणि दाराला कान लावून उभा राहिला...