करवंट्यांचा कोळसा

गोवा राज्य झालं त्या सुमारास डिचोलीच्या बाजारात माझं इस्त्रीचं दुकान होतं. कोळसा एक म्हातारी आणून द्यायची. नारळाच्या करवंट्या खड्ड्यात धुमसवून ती तो करायची. पोतं उतरवून कपाळ पुसायची आणि माझ्या स्टुलावर हक्काने बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका पावसाळ्यात खाणीवरचा लाल चिखल तिच्या मिरच्यांच्या मळ्यात उतरला आणि माती नापीक झाली. त्यानंतर ती रिकाम्या हाताने आली.

"कोळसो आता मळ्याक व्हयो. कुटून, शेणात भिजवून मातयेत घालतंय."

"आजी, चढ पैसे देतो," मी म्हणालो.

"इकलो तर पैशे एकदाच गावतले, बाबा. मातयेत रवलो तर माझ्या मागसून सुनेकय उपेगी पडतलो."

पहिल्या वर्षी मळ्यात काहीच धड आलं नाही. सून दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाऊ लागली, तरी म्हातारी करवंट्या जाळतच राहिली.

पुढच्या हिवाळ्यात ती बाजारात भेटली. पुढ्यात मिरच्यांचा छोटासा ढीग होता. मळा कसा आहे, मी विचारलं.

"तांबडोच आसा अजून. पण औंदा खणताना गांडुळां दिसली."

परगावी गेलेलं माणूस घरी परतल्यावर खुलावा, तसा तिचा चेहरा खुलला होता.