सडलेली खपली

सुभेदारांनी पिठाचे फोडलेले पाकीट माझ्या टेबलावर ठेवले. मी खुर्ची दाखवली, पण ते बसले नाहीत.

“हे तुमचंच न्हवं?”

पाकिटावर आमच्या कारखान्याचे नाव होते. त्याखाली ठळक अक्षरांत ‘खपली गहू, संपूर्ण धान्य, कोंड्यासह’ असे छापले होते. मी बॅच नंबर पाहिला. त्या बॅचच्या तपासणी अहवालावर माझी सही होती. सांगलीच्या त्या पीठ कारखान्यात लॅबचा प्रमुख मीच होतो.

“आमचंच,” मी म्हणालो.

“मग खरं सांगा. ह्यात हाय काय?”

ते कोरेगावहून पहाटेच्या एसटीने आले होते. फौजेतून निवृत्त झालेले, घरची शेती करणारे. त्यांच्या पत्नीला मधुमेह होता. कोंड्यासकट धान्य खा, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर पुण्याच्या सूनबाईंनी आमचे पीठ पाठवले. त्या दिवसापासून पत्नीची शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी बंद झाली आणि दोन्ही वेळा आमच्या पिठाची चपाती सुरू झाली. दोन महिन्यांत साखर उतरण्याऐवजी चढली. त्यातच तोडलेल्या उसाचा बुडखा लागून पत्नीच्या पायाच्या अंगठ्याजवळ जखम झाली होती. ती भरत नव्हती.

“पाकिटावर खपली हाय, साहेब,” सुभेदार म्हणाले. “मंडळींच्या पायावर मातर धरंना.”

मी हसलो नाही. तेही हसले नव्हते.

खपली हा जुन्या वाणाचा गहू आहे. साधा गहू मळणीत टरफलातून सुटतो, खपली सुटत नाही. तिचे टरफल यंत्राने वेगळे काढावे लागते. त्याच्या आत दाण्यावर तांबूस साल असते. तो कोंडा. दाण्याच्या एका टोकाला अंकुर असतो. हे सारे शाबूत असेल तरच ते संपूर्ण धान्य. कोंडा काढला की उरतो तो मुख्यतः स्टार्च. तो लवकर पचतो आणि रक्तातली साखर लवकर वाढवतो.

कोंडा आहे की नाही, हे ओळखण्याची एक जुनी परीक्षा आहे. पीठ भट्टीत पूर्ण जाळायचे आणि उरलेली राख तोलायची. धान्यातले क्षार बहुतांशी कोंड्यात असतात. राख कमी, म्हणजे कोंडा कमी. ही परीक्षा प्रत्येक बॅचची व्हायला हवी होती. आम्ही ओलावा आणि कीड एवढेच पाहत होतो. वेळ वाचवण्यासाठी तसे ठरले होते आणि त्या ठरावावरही माझी सही होती.

सुभेदार दिवसभर बाहेरच्या बाकावर बसले. दुपारी त्यांनी फडक्यातली भाकरी सोडून खाल्ली. संध्याकाळी मी राख तोलली. असायला हवी त्याच्या निम्मीही नव्हती.

“यात कोंडा नाही,” मी त्यांना सांगितले. “पीठ माझ्या सहीने गेले आहे. घरी पोचलात की आधी पत्नीचा पाय डॉक्टरांना दाखवा. आणि हे पीठ बंद करा. घरी शाळू आहे?”

“पोत्यानं हाय.” त्यांनी पाकीट टेबलावरच सोडले. “फौजेत सही करनारा आदी माल बघायचा. हितं तसं नसतंय व्हय?”

ते स्टँडकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मी आष्ट्याला गेलो. त्या हंगामापासून आमची खपली तिथल्या महादू अण्णांच्या यंत्रावरून येत होती. अण्णांनी लपवाछपवी केली नाही. फाइलमधून आमची ऑर्डर काढून त्यांनी माझ्यासमोर धरली. अक्षर माझेच होते. ‘सडलेली खपली, कोंड्यासह पिठासाठी.’

“ह्यो शबूद कुनाचा?” अण्णांनी विचारले.

“माझा.”

“मग? आमच्यात टरफल काढलं की सोलली म्हंत्यात. सडली म्हंजी खिरीची. कोंडा जाऊन पांढरी हुईस्तवर. तुमी सडलेली मागितली, आमी सडून दिली.”

“पुढे कोंड्यासह असेही लिहिले आहे.”

“ते पिठाचं लिवलंय. आमाला वाटलं, कोंडा तुमी मागनं घालत आसाल. शिकल्याली मानसं तुमी.” मग ते जरा थांबले. “येवडी खीर कोन खातंय, म्हनून मीबी इचारात पडलो हुतो, आवं.”

ऑर्डर लिहिताना मी शब्दकोश पाहिला होता; त्यात ‘सडणे’ या शब्दापुढे धान्याची साल काढणे असा अर्थ दिला होता. मी तो टरफलापुरता धरला. ज्या भागात खपली पिकते, तिथल्या एकाही माणसाला विचारले नाही.

मी साळुंखे साहेबांकडे गेलो. ते आमचे जनरल मॅनेजर, माझ्यापेक्षा बरेच लहान.

“माल परत बोलवा,” मी म्हणालो.

“काका, तक्रारी किती आल्या?”

“एक.”

“आणि कौतुक? या हंगामात चपाती मऊ होते म्हणतात लोक. पीठ कडू पडत नाही. दुकानदार खूश आहेत.”

कोंडा आणि अंकुर यांत तेल असते, म्हणून खरे संपूर्ण पीठ लवकर कडू पडते. तेच काढून टाकल्यावर पीठ टिकणारच. हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते माहीत होते.

“एक तर गहू बदला,” मी म्हणालो, “नाहीतर पाकिटावरचे शब्द.”

“शब्द बदलू,” साळुंखे लगेच म्हणाले.

बाजारात गेलेला माल परत आला नाही. गोदामातल्या मालावर मी सही केली नाही. ती दुसऱ्याने केली. मी राजीनामा दिला आणि तो त्याच दिवशी मंजूर झाला. पुढच्या महिन्यात नवे पाकीट दुकानात आले. ‘कोंड्यासह’ हा शब्द गेला होता. ‘संपूर्ण धान्य’च्या जागी ‘संपूर्ण पोषण’ आले होते. आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत छापले होते, ‘पारंपरिक पद्धतीने सडलेली खपली’. माझाच शब्द. या वेळी तो अचूक होता.

काही आठवड्यांनी मी सुभेदारांना फोन केला. पत्नीच्या उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली होती.

“पाय ऱ्हायला,” ते म्हणाले. “आता भाकरी खाती.” आणि फोन ठेवला.

हे आमच्या पिठामुळेच झाले, असे मी म्हणणार नाही. ते सिद्ध करता येत नाही. साळुंखे साहेबही नेमके हेच म्हणाले असते.

ज्यांना रोजच्या जेवणासाठी धान्य निवडायचे आहे, त्यांना एवढेच सांगतो. पीठ नव्हे, दाणा विकत घ्या. तो तळहातावर घेऊन पाहा. साल तांबूस असावी, टोकाचा अंकुर जागेवर असावा. गिरणीत समोर उभे राहून दळून घ्या आणि घरी चाळू नका. घरात शाळू असेल तर तो असू द्या. पाकिटावरच्या शब्दावर जाऊ नका. तो माझ्यासारख्या कोणीतरी टेबलाशी बसून लिहिलेला असतो.