राजकन्येला मिशी होती

बासरीचं खरं नाव काय, हे हार्डवेअरच्या दुकानात कुणाला आठवत नसे. मालकाने पहिल्या दिवशी त्याचा आवाज ऐकला आणि त्याला बासरी करून टाकलं. धिप्पाड अंग, झुपकेदार मिशी, डोक्यावर चकचकीत टक्कल. आणि तोंड उघडलं की आतून सात वर्षांची मुलगी बोलायची. फोनवर गिऱ्हाईक म्हणायचं, "बाळ, मोठं कुणी आहे का?" आणि हा दोन पोरांचा बाप मुकाट्याने फोन मालकाच्या हातात द्यायचा.

लहानपणी त्याच्या वडिलांनी या आवाजावर एकच उपाय केला होता. पाहुणे आले की ते म्हणायचे, "तू आत जा." आवाज आज फुटेल, उद्या फुटेल, अशी वाट बघता बघता वडील गेले. आवाज होता तिथेच राहिला. ते बासरीच्या मनाला फार लागलं होतं, पण सांगणार कुणाला आणि कुठल्या आवाजात!

मग एक दिवस डबिंग स्टुडिओच्या दिग्दर्शिकेचा दुकानात फोन आला. तिला सगळे नुसतं बाई म्हणायचे. स्टुडिओची दारं इतकी कुरकुरत होती, की प्रेमाच्या सीनमध्येही भूत आल्यासारखं वाटायचं. बाई म्हणाल्या, "ए चिमणे, बिजागऱ्या आहेत का गं तुमच्याकडे?"

"चार इंची की पाच इंची? पितळी देऊ की लोखंडी?"

"अगं, हुशार आहेस की! कितवीत आहेस?"

"बाई, माझा मुलगा आठवीत आहे."

 मग बाई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता इकडे या. बिजागऱ्या मागाहून आणा."

अशा रीतीने बासरी राजकन्या झाला.

ती कार्टून मालिका दूरदेशी काढलेली होती. चित्रांतली तोंडं तिकडेच हलून झालेली असायची. इथल्यांनी आपले शब्द त्या तोंडांत कोंबायचे. ढगावर तरंगणारा राजवाडा, त्यात एक राजा आणि त्याची आगाऊ, जादूगार लेक. तिच्याकडे जादूचा कंगवा होता. केस विंचरले की वादळ व्हायचं, उलटे विंचरले की समोरच्या माणसाचं काहीतरी भलतंच. सुरुवातीला ती सात वर्षांची होती आणि तिने गणिताच्या मास्तरांचं वॉशबेसिन केलं. मालिका चालली नऊ वर्षं आणि पोरगी खरोखरीच्या पोरीसारखी दरवर्षी एकेक वर्षाने वाढत गेली. बारा वर्षांची झाल्यावर उलटून बोलायला लागली. चौदाव्या वर्षी तिने सेनापतीचा जिराफ केला आणि परत माणूस करायला साफ नकार दिला. बासरीला तिची काळजी वाटायची. दुकानात खिळे मोजून देताना तो मालकाला म्हणायचा, "आमची हल्ली कुणाचं ऐकत नाही हो." मालक म्हणायचा, "विंचरू देऊ नकोस तिला."

राजाचा आवाज देणाऱ्या गृहस्थांना सगळे महाराज म्हणत. ते पूर्वी रेल्वे स्टेशनवर घोषणा करायचे. घरी "चहा आणा" म्हणाले, तरी खालच्या मजल्यावरची बाई आधण ठेवायची, असा आवाज. आता डबिंगमध्ये प्रत्येक जण एकटाच येऊन आपली वाक्यं बोलून जातो. दुसऱ्याचा आवाज कानावर लावलेल्या हेडफोनमध्ये. महाराज यायचे सकाळी. बासरी यायचा दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी. नऊ वर्षं दोघं बाप-लेक होते आणि एकदाही एकमेकांना दिसले नव्हते.

महाराजांची ठाम समजूत होती, की राजकन्या ही एक लहान मुलगी आहे आणि मालिकेबरोबर मोठी होते आहे. बाईंनी पहिल्या आठवड्यात सांगायचं राहून गेलं. नंतर महाराजांनी पोरीसाठी केसांच्या क्लिपा पाठवल्या आणि मग सांगायची कुणाची छाती होईना. क्लिपा बासरीच्या बायकोने लावल्या. राजकन्येच्या दहाव्या वर्षी रंगपेटी आली. रेकॉर्डिंग सुरू करताना बासरी माइकमध्ये म्हणाला, "बाबा, रंगपेटी मिळाली." रेकॉर्डिस्टने ते महाराजांना ऐकवायला तसंच ठेवलं. पुढच्या खेपेला हेडफोनमध्ये महाराजांचं उत्तर वाजलं, "शाब्बास लेकरा! आधी ढग रंगव, ते चुकले तरी चालतात." तेव्हापासून दोघांचं असं बोलणं सुरू झालं. एकदा तर रेकॉर्डिस्टकडून कापायचं राहिलं आणि ऐन युद्धात, राक्षस अंगावर धावून येत असताना, राजकन्या म्हणाली, "बाबा, गुडघा कसा आहे आता?" प्रेक्षकांना वाटलं राक्षसच तिचा बाप.

बासरीला त्या 'लेकरा'ची सवय झाली होती. वडिलांच्या वयाचा एक माणूस त्याचा आवाज ऐकून 'अजून बोल' म्हणत होता. आपण कोण हे महाराजांना कळलं तर तेही संपणार, अशी त्याला भीती होती.

आणि नेमकं सोळाव्या वर्षी घोडं अडलं. राजकन्येला राज्याभिषेक नको होता, तिला ढगाखाली काय आहे ते बघायला जायचं होतं. राजाने कंगवा कुलपात ठेवला आणि तिला मनोऱ्यात कोंडून बाहेरून कडी घातली. त्यावर तिचं वाक्य होतं, "तुम्ही माझे बाबा नाही, तुम्ही नुसते राजे आहात!" बासरीने ते इतकं जीव तोडून म्हटलं, की रेकॉर्डिस्टने खुर्ची मागे सरकवली.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी ते हेडफोनमध्ये ऐकलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि घरी निघून गेले. बाईंनी फोन केला, तर म्हणाले, "पोरीला घरी पाठव. समोर येऊन माफी मागू दे. त्याशिवाय राजा तोंड उघडणार नाही."

"महाराज, ते लिहिलेलं वाक्य होतं!"

"लिहिलेलं कसं म्हणायचं असतं ते मला शिकवू नकोस. ते मनातलं होतं."

मालिकेचे शेवटचे भाग अडकून पडले. चित्रातला राजा सिंहासनावर मुक्याने तोंड हलवत बसला होता. बाई दुकानात येऊन बासरीसमोर अक्षरशः रडल्या. बासरी म्हणाला, "मी फोनवर मागतो माफी." महाराजांना फोन चालणार नव्हता. त्यांना पोर डोळ्यांनी बघायची होती.

दुसऱ्या कुणी असत्या तर सरळ जाऊन खरं सांगितलं असतं. पण या बाई पडल्या डबिंगवाल्या. चित्र एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा, यात त्यांना काही वावगं दिसेचना. त्यांनी राजकन्येचं डबिंग करायचं ठरवलं, तेही महाराजांच्या दिवाणखान्यात.

चित्र म्हणून निवड झाली बासरीच्या मेहुणीची. वय अडतीस, पण अंगाने चिमुकली. दोन वेण्या घातल्या की पाठमोरी शाळकरी दिसायची. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, दिवसभर लोकांची तोंडं बघायची, तेव्हा तोंड कसं हलतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. बासरी स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहून बोलणार, मेहुणीने खुर्चीत बसून ओठ हलवायचे, बाईंनी कपावर चमचा वाजवून इशारा द्यायचा. अडचण आली ती माफीच्या शब्दांत. प, ब, म आले की ओठ मिटावे लागतात, आणि तिथेच चोरी पकडली जाते. 'माफ करा बाबा' म्हणजे तर ओठांची नुसती कवायत! म्हणून बाईंनी ओठ न मिटणारी माफी लिहून काढली, "चुकले, राजे, चुकले." तालीम झकास झाली. मुळात भांडण कुठल्या शब्दावरून झालं होतं, याकडे तिघांपैकी एकाचंही लक्ष गेलं नाही.

ठरल्या दिवशी बाईंनी मेहुणीला महाराजांसमोर बसवलं, "पाणी घेऊन येते" म्हणत स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं आणि बासरीला आत घेतला. दाराच्या फटीतून त्याला महाराज पहिल्यांदा दिसले. एवढ्या थोरल्या आवाजाचा माणूस इतका बारका असेल असं त्याला वाटलं नव्हतं. स्वेटरची कोपरं विरली होती. ते मेहुणीकडे टक लावून बघत होते आणि त्यांनी तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली होती.

"मोठी झालीस," महाराज म्हणाले.

मेहुणी लाजली. अडतिसाव्या वर्षी हे तिला बऱ्याच दिवसांनी ऐकायला मिळालं होतं.

बाईंनी चमचा वाजवला. बासरीने डोळे मिटून म्हटलं, "चुकले, राजे, चुकले." मेहुणीचे ओठ अगदी चोख हलले.

महाराजांचा चेहरा पडला. बासरीला तो फटीतून पडताना दिसला. "पुन्हा राजे?" ते पुटपुटले. "घरी येऊनसुद्धा राजेच?" आणि ते काठी शोधत उठायला लागले.

आता इशारा नव्हता, पुढचं वाक्य लिहिलेलं नव्हतं, मेहुणीच्या तोंडात तर अख्खं बिस्किट होतं. पण बासरीला राहवलं नाही. तो दाराआडून ओरडला, "बाबा, तसं नाही हो, बाबा!"

महाराजांनी मेहुणीच्या गच्च मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. "आवाज तिकडून येतोय," ते म्हणाले. "बाहेर ये."

बासरी बाहेर आला.  टक्कल, मिशी, दुकानाचा तेलकट शर्ट, सगळं महाराजांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. बाई चमचा हातात धरून भिंतीला टेकल्या.

"क्लिपा मिळाल्या होत्या?" महाराजांनी शेवटी विचारलं.

"बायको लावते."

"रंगपेटी?"

"मी वापरली. ढगच काढले आधी. चुकले."

"नऊ वर्षं फसवलंस मला!"

"हो, फसवलं. बघितलं असतंत तर तुम्हीही म्हणाला असतात, तू आत जा. मला ते परत ऐकायचं नव्हतं."

महाराज खाली बसले. बराच वेळ काठीच्या मुठीवर बोटं आपटत राहिले. मग त्यांनी मान वर केली तेव्हा डोळ्यांत तोच जुना राग होता. मिशी त्यांना दिसत होती, पण कान काही ऐकेनात. "ते सगळं राहू दे. तसं का बोललीस ते आधी सांग. माग माफी."

बासरी माफी मागायलाच आला होता. त्याने तोंड उघडलं आणि आतून सोळा वर्षांची राजकन्या बाहेर पडली. "नाही मागणार! कंगवा तुम्ही कुलपात ठेवलात. मनोऱ्याला बाहेरून कडी घातलीत!"

"बाप काळजीनेच कडी घालतो!"

"आतून कडी नसलेलं दार मी दुकानात कुणाला विकत नाही! तिला फक्त खाली काय आहे ते बघायचं होतं. बघून आली असती ना परत!"

"आणि नसती आली तर?"

"म्हणून कोंडायचं?"

घरात नुसता कल्लोळ उठला. रेल्वेच्या घोषणेचा आवाज आणि पोरीचा आवाज एकमेकांवर आदळत होते. खालच्या मजल्यावरच्या बाईने सवयीने आधण ठेवलं. मेहुणी दोघांकडे आळीपाळीने बघत बिस्किटं संपवत होती.

 आणि एकदम महाराजांचा आवाज खाली आला. "माझ्या लेकीने हेच वाक्य म्हटलं होतं. अगदी हेच. तिला नोकरीसाठी दूर जायचं होतं आणि मी खोलीला बाहेरून कडी घातली. तिने खिडकीचे गज काढले आणि निघून गेली. तेव्हापासून बोलत नाही." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "त्या लिहिणाऱ्यांना माझ्या घरातलं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही हो, महाराज," बाई म्हणाल्या.

महाराज बासरीकडे वळले. "मग राजाने काय म्हणायला हवं होतं? तू सांग. तू आत होतीस."

बासरीने विचार केला. मनोऱ्यात उभं राहून आपल्याला काय ऐकायचं होतं, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. "तुझं बरोबर होतं. एवढंच."

महाराजांनी घसा साफ केला. "तुझं बरोबर होतं!" कपाटातली भांडी थरथरली.

"हा हुकूम झाला, बाबा."

"तुझं... बरोबर... होतं."

"आता गाडी फलाटावर येतेय."

बाईंना राहवेना. त्यांनी चमचा वाजवून आणखी टेक घ्यायला लावले. शेवटी महाराज म्हणाले, "पुरे," आणि फोन घेऊन त्यांनी नंबर लावला. तो त्यांना पाठ होता. पलीकडे घंटी वाजली, मग बाईमाणसाचा आवाज आला, "हॅलो?"

 महाराजांनी फोन बासरीच्या हातात कोंबला आणि कुजबुजले, "तू बोल! तुझा आवाज ऐकून ती ठेवणार नाही. माझं एवढं काम कर, लेकरा!"

या माणसासाठी बासरीने काहीही केलं असतं. त्याने फोन महाराजांच्या कानाला लावला आणि तिथेच धरून ठेवला. "नाही बाबा," तो म्हणाला. "इथे माझा आवाज नाही चालायचा."

"हॅलो? कोण बोलतंय?"

"मी," महाराज म्हणाले. आवाज चिरका येत होता, मध्येच तुटत होता. "तुझं बरोबर होतं. कडी... मी घालायला नको होती."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. बासरीने फोन हलू दिला नाही.

"बाबा?" पलीकडून आलं. "तुमचा आवाज असा का येतोय?"

"असाच आहे गं माझा," महाराज म्हणाले.