नौदलातल्या अण्णांचं मानपत्र

जतकडच्या आमच्या गावातून लष्करात गेलेले बरेच, पण नौदलात गेलेले एकटे अण्णाच. घर मेंढपाळाचं. खलाशी म्हणून भरती झाले आणि अधिकारी होऊन निवृत्त झाले. ग्रामपंचायतीनं सत्कार ठरवला. मी शाळेतली बाई, म्हणून मानपत्र लिहायचं काम माझ्याकडं आलं.

वही घेऊन त्यांच्या घरी गेले. बरीच वर्षं मनात असलेला प्रश्न आधी विचारला. "अण्णा, आपल्याकडं विहिरीसुद्धा कोरड्या. तुम्ही पोहायला शिकलात कुठं?"

"तिथंच. येत न्हाई म्हणून सांगितलं, तर सरळ तलावात उतरवलं. महिनाभर पाणीच प्यालो."

पुढं मी जहाजाचं विचारलं, वादळाचं विचारलं. एकेका शब्दात उत्तरं. त्यांची आई कोपऱ्यात शेंगा फोडत ऐकत होती. ती परसात गेली, तसे अण्णा हळू आवाजात बोलायला लागले.

सांगलीत महापूर आला तेव्हा त्यांची तुकडी तिथं पाठवली होती. एका माडीवर एक म्हातारी एकटीच बसलेली. जवानांचं हिंदी तिला कळेना आणि ती काही होडीत उतरेना.

"मी म्हटलं, आवं आजी, मी जतचा हाय. तवा कुठं हात दिला."

"आणि मग?"

"त्याच दिवशी घरी फोन केला. आई म्हणाली, चार दिवस टँकर न्हाई. माझ्यासमोर गल्लीत पुरुषभर पाणी. मी कुठं हाय, ते सांगितलंच न्हाई. दोन तासांवर येऊन घरी आला न्हाई, असं वाटलं असतं तिला. हे लिहू नका, बाई."

मी लिहिलं नाही. मानपत्रात सेवेची वर्षं आली, पदकं आली. सत्काराच्या दिवशी शाळेच्या पटांगणात ते वाचून दाखवलं, सरपंचांनी शाल घातली. मग अण्णा माइकपुढं उभे राहिले. आभार मानून थांबले, पहिल्या रांगेत बसलेल्या आईकडं बघितलं आणि सांगलीचं सगळं स्वतःच सांगून टाकलं. फोनचंसुद्धा.

मी आईच्या शेजारीच होते. तिला राग येईल, रडू येईल, असं वाटत होतं. तिनं बसल्या जागेवरूनच विचारलं, "त्या म्हातारीला सोडलंस कुठं?"

"छावणीत. एका शाळेत."

"मग परत चौकशी केलीस?"

"न्हाई. दुसऱ्या दिवशी दुसरीकडं पाठवलं आमाला."

"घर ध्यानात हाय का?"

"हाय."

"मग चल की रं, इचारून येऊ."

दोन दिवसांनी मायलेक एसटीनं सांगलीला गेले. मला चैन पडेना. ते परतल्याचं कळताच शाळा सुटल्यावर तडक त्यांच्या घरी गेले.

"भेटली," आई म्हणाली. "चांगली हिंडती-फिरती हाय. चहा केला तिनं."

"अण्णांना ओळखलं?"

"न्हाई. म्हणाली, तवा लय जण आलते." आणि ती पदराआड हसली. अण्णाही हसत होते. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.