गोविंदकाकांची डावी बाजू

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझी नेमणूक आमच्या बेटावरच्या कार्तिए मिलितेर गावाजवळच्या लष्करी कॅम्पात, ट्रान्सपोर्ट सेक्शनला झाली. मी लान्स कॉर्पोरल. लॉरी चालवायचे सार्जंट गोविंद. पेन्शन जवळ आलेली, माणूस आमच्याच मराठी मंडळींतला. कॅबमध्ये दोघेच असलो की मी त्यांना काका म्हणे.

काकांची नजर घारीची. मेडिकलला तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचत. पण वय झालं, तसं लक्ष समोरच खिळून राहू लागलं. लांबची पाटी माझ्याआधी त्यांना दिसे. कडेनं घुसलेली सायकल मात्र दिसत नसे. सार्जंटला हे तोंडावर सांगणार कोण? मग आम्ही पोरांनी शक्कल काढली. शेजारी बसणाऱ्यानं 'रेडिओ सराव' करायचा.

"डावीकडे सायकल. ओव्हर."

"रॉजर."

"उजवीकडे बकरी. ओव्हर."

"तिला माझा सॅल्यूट सांग. रॉजर."

हसत-खेळत बरेच महिने निभावले.

एका सकाळी तंबू घेऊन किनाऱ्यावरच्या सूयाकला निघालो होतो. दोन्ही बाजूंना ऊस, लॉरीहून उंच. तेवढ्यात खरा वायरलेस खरखरला. हेडक्वार्टर पोझिशन विचारत होतं. मी सराव सोडून तिकडे सांगू लागलो आणि काकांनी करकचून ब्रेक मारला. तंबू धाडकन पुढे आले.

डावीकडच्या उसातून गवताचा भारा घेतलेली एक बाई थेट समोर आली होती. भारा बंपरला घासून खाली पडला. बाई उभीच.

"आयो, बोंद्ये! देवा रे, माझं गवत!" ती क्रिओल-मराठीत ओरडली.

मी म्हटलं, "काका, बरी दिसली तुम्हाला!"

"नाय रे. दिसलं ते नार्ये, काय म्हणजे काय नाय. तुझं डावीकडे-उजवीकडे बंद झालं, म्हणून ब्रेकवर पाय मारला." हँडब्रेक ओढत म्हणाले, "तुमचा सराव कसला, ते मला काय कळत नाय?"

काका उतरले, भारा बांधला, तिच्या डोक्यावर चढवून दिला आणि माझ्या दाराशी आले.

"सरक तिकडे. आलॉ, चल, आता तू चालव."

संध्याकाळी त्यांनी कॅप्टनच्या टेबलावर चावी ठेवली. "सर, डोळे पास. ड्रायव्हर फेल."

कॅप्टननं त्यांना नव्या ड्रायव्हरांचा उस्ताद केलं. पोरांना शिव्या घालण्यात त्यांचे उरलेले दिवस मजेत गेले.

काका पुढे घरीच, अंथरुणात वारले. आम्ही जुने जवान वर्षातून एकदा जमतो, ड्यूटीवर असताना जीव गेलेल्यांची नावं घेतो. त्यांच्याबरोबर मी काकांचंही घेतो. कुणी हटकत नाही. नावापुढे मी एवढंच म्हणतो: यांच्या गाडीखाली कधी कुणी आलं नाही.