तेल पिणारी सावर

सोनाबाई मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिवऱ्याच्या आमच्या कारखान्यात, सांडपाण्याच्या टाकीपाशी उभा होतो. फोन त्यांच्या मुलाचा होता, रमेशचा. तो कापूरहोळला टेम्पो चालवतो. "साहेब, आई गेली सकाळी," एवढंच तो म्हणाला... मग मागून बायकांचं रडणं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. मी टाकीच्या कठड्यावर बसून राहिलो. समोरच्या पाइपातून स्वच्छ पाणी ओढ्याकडे चाललं होतं आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

मावशी आमच्याकडे झाडलोटीला होत्या. मूळच्या वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतल्या, लहानपण शेरडांमागं गेलेलं, शाळा पाहिलेली नाही. नवऱ्यामागं मुलाबरोबर कापूरहोळला खोली घेऊन राहायच्या आणि सकाळच्या एसटीनं कामावर यायच्या. कारखाना लहान. गाड्यांचे सुटे भाग लेथवर कातायचे, धुवायचे, पुढे पाठवायचे. कातताना हत्याराची धार थंड राहावी म्हणून तेल मिसळलेलं पाणी सोडतात. वापरून झालं की ते पाणी दुधासारखं पांढरट होतं आणि वर यंत्रांचं काळं तेल तरंगतं. हे सगळं साफ करून मगच बाहेर सोडायचं, आणि ते काम माझं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी तेव्हा नुकताच लागलो होतो. आमची गाळणी तेलानं सारखी तुंबायची. मालक म्हणायचे, "पुढच्या वर्षी नवीन बसवू." मग तपासणीला पाठवायची बाटली भरताना मी तिच्यात नळाचं चांगलं पाणी मिसळायचो. अहवाल चांगला यायचा. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. तेव्हा ते एकाच माणसानं पाहिलं होतं. मावशी खराटा हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी नुसतं बघितलं आणि पुन्हा झाडायला लागल्या.

त्या उन्हाळ्यात खालच्या शिवारातले बबनतात्या आले. ओढ्याकाठी त्यांची विहीर. त्यांनी माझ्या टेबलावर एक बाटली ठेवली. पाणी गढूळ पांढरं, वर काळसर तवंग.

"म्हसरं तोंड लावत न्हाईत ह्या पाण्याला," तात्या म्हणाले. "नातीच्या अंगावर पुरळ उठलंय. तुमी शिकल्याली माणसं. आधी तुमी प्या, मंग आमी पितो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी 'बघतो' म्हणालो. ते उठून गेले, बाटली तिथंच राहिली. मावशी दारात फरशी पुसत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या कापडी पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. पिशवीत काटेसावरीचा कापूस होता. आमच्या डोंगरात सावर भरपूर. फाल्गुनात लालभडक फुलते, उन्हाळा तापला की बोंडं तडकतात आणि रेशमासारखा कापूस वाऱ्यावर निघतो. लोक तो उशांत भरतात. मावशींनी नातवाच्या उशीसाठी आणला होता. "सायेब, ती बाटली द्या जरा," त्या म्हणाल्या. परातीत त्यांनी ते पाणी ओतलं आणि वर कापसाचा बोळा सोडला. बोळा बुडाला नाही. पाण्यावर बसला आणि बघता बघता कडेनं काळा होत गेला. तवंग चारी बाजूंनी त्याच्याकडे सरकत होता, कुणी बोलावल्यासारखा. मावशींनी बोळा उचलला. खाली पाण्यावर एक रेघसुद्धा उरली नव्हती... मी हातातली चपाती खाली ठेवली.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? घरात त्याल सांडलं की आमी ह्योच बोळा फिरवायचो. पाण्यानं भिजत न्हाई त्यो, पर तेलाला सोडत न्हाई."

मी ज्या पुस्तकांवर परीक्षा दिल्या होत्या, त्यांतल्या एकातही हे झाड नव्हतं.

त्याच आठवड्यात आम्ही एक निळं प्लास्टिकचं पिंप कापलं. खाली खडी, वर वाळू, त्यावर मच्छरदाणीच्या कापडात बांधलेला सावरीचा कापूस. पहिल्या दिवशी कापूस एका बाजूला गोळा झाला आणि पाण्यानं दुसऱ्या बाजूनं वाट काढली. मावशींनी तो पिंजून, दाबून पुन्हा भरला. मग काळं तेल पूर्ण थांबलं, पण पांढरं पाणी आत गेलं तसंच पांढरं बाहेर आलं. मी वैतागलो. म्हणालो, "नाही जमणार हे."

"काळं पिलं ना त्यानं?" मावशी शांतपणे म्हणाल्या. "आता पांढरं तुमी बघा. तुमी शिकलाय न्हवं?"

त्या पांढऱ्या पाण्यात तेलाचे इतके बारीक थेंब असतात की ते एकमेकांना भेटतच नाहीत. त्यांना एकत्र आणलं तरच ते वर येणार. पुढचे पंधरा दिवस मी बरण्या मांडून बसलो. थोडं आम्ल, थोडी तुरटी, कधी कमी, कधी जास्त. एका दुपारी बरणीतलं दूध फाटल्यासारखं झालं आणि वर तेलाचा थर आला. मी धावत मावशींना बोलवायला गेलो. आम्लाचा आंबटपणा चुन्यानं घालवून ते पाणी पिंपातून सोडलं. खाली काचेच्या पेल्यात पडलेल्या पाण्यातून मला पलीकडच्या मावशींचा चेहरा दिसत होता.

तपासणीची बाटली भरायचा दिवस आला. सवयीनं माझे पाय नळाकडे वळले. मावशी पिंपापाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली आणि पिंपाच्या तोटीखाली धरली.

"आज हितलं भरा," त्या म्हणाल्या.

त्या अहवालाइतकी कुठल्याच निकालाची मी वाट पाहिलेली नाही. तो चांगला आला. मालकांनी मग तशी मोठी पिंपं बसवली. बबनतात्यांची विहीर सुधारायला दोन पावसाळे गेले. एक दिवस ते आले, पाइपाखाली ओंजळ धरली, वास घेतला. जाताना म्हणाले, "म्हसरं पित्यात आता." बस, इतकंच.

पुढं मी जुना सूक्ष्मदर्शक आणला आणि सावरीचा एक धागा त्याच्याखाली ठेवला. धागा आतून पोकळ होता, काचेच्या नळीसारखा, आणि बाहेरून मेणाचा पातळ लेप. म्हणून पाणी बाहेर राहतं आणि तेल आत शिरतं. मावशींना बोलावलं. त्यांनी पदरानं डोळा पुसून भिंगाला लावला आणि किती तरी वेळ काढलाच नाही.

"नळ्या हायेत की वो... मोकळ्या नळ्या." मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "ह्ये कुणी बघितलं न्हवतं, तरी झाड दर साली करीतच हुतं व्हय?"

मी पुन्हा भिंगाला डोळा लावला.

गेल्या वर्षी त्यांना पोटाचा आजार निघाला आणि त्या काम सोडून वाडीवर गेल्या. तरी या मे महिन्यात त्यांचा फोन आला होता. "सावर फुटलीया. या एकदा." आवाज खोल गेलेला होता. मी 'येतो, येतो' म्हणालो. कारखान्यात नवीन यंत्रं यायची होती... गेलो नाही. गेलो तो थेट दहाव्याला.

विधी आटोपल्यावर त्यांची सून मला घरात घेऊन गेली. "तुमची वस्तू ऱ्हायलीया हितं," म्हणाली. आतल्या खोलीत भिंतीला लागून छतापर्यंत पोती रचलेली होती, प्रत्येकाचं तोंड सुतळीनं नीट बांधलेलं. सून सांगत होती, मे महिनाभर त्या अंगणात खाटेवर पडून असायच्या. पोरं बोंडं गोळा करून आणायची आणि त्या पडल्या पडल्या एकेक सरकी बोटांनी काढायच्या. सरकी राहिली की पिंपात कापूस नीट बसत नाही, म्हणायच्या. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

रमेशनं टेम्पो दारात लावला. मी पहिल्या पोत्यापाशी गेलो, कमरेत वाकलो, दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं आणि सगळा जोर लावून उचललं. पोतं एकदम वर आलं आणि मी मागच्या मागं भिंतीवर आदळलो. त्याला वजनच नव्हतं. सून गडबडीनं पुढं आली. मी ते पोतं तसंच छातीशी धरून उभा राहिलो.