रोज अर्धा तास

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गणपतीसमोर डोळे मिटूनसुद्धा नाही. लालबागेत मला ओळखणारे म्हणतील — हा? याच्या पोटात काही राहतं होय? गिरणीचा भोंगा बंद पडला तेव्हा माझ्या आजोबांनी तो तोंडाने वाजवला आणि तिन्ही पाळ्या त्यावर कामाला गेल्या, हे मी शपथेवर सांगतो. पण हे मात्र — थांबा, जरा पाणी पितो.

सायली माझी भाची. तेव्हा आठ वर्षांची. गोष्ट दोनदा ऐकली की तोंडपाठ. पण छापलेलं अक्षर दिसलं की गळपटायची. डिस्लेक्सिया, असं निदान झालं. परळच्या एका इस्पितळात अशा मुलांना वाचायला शिकवत, आणि त्याआधी आणि नंतर मेंदूचे फोटो काढून बघत. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं — नीट शिकवलं की वाचनाला लागणारे मेंदूचे भाग जागे होतात. फक्त सराव हवा. अक्षराखाली बोट, एकेक आवाज सुटा, मग जोडायचा. रोज अर्धा तास. बहीण कामावर, म्हणून दुपारचा सराव माझ्याकडे. इस्पितळाने दिलेल्या सरावाच्या वहीत सही माझी.

चार दिवस केला. एका शब्दापाशी पाच-पाच मिनिटं, पोर घामाघूम, डोळ्यांत पाणी. आणि मी — दया आली म्हणू का? नको. कंटाळलो. मग मीच धडा नाटक करून वाचू लागलो. धड्यातला वाघ चिंचपोकळीच्या पुलावरून पळवला. ती खिदळायची, पाठ करायची आणि संध्याकाळी ओळीखाली बोट सरकवत आईला ‘वाचून’ दाखवायची. बहिणीचे डोळे भरून यायचे. मी वहीत लिहायचो — आज अर्धा तास सराव केला.

सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. फारसा फरक नाही. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, “घरचा सराव रोज व्हायचा ना?”

तोंड उघडेना. माझं — तोंड! मग उघडलं. “एक दिवस खाडा नाही, मॅडम.”

म्हणजे हिला ही पद्धत लागू पडत नसावी, असं ठरलं. तिचा तिथला वर्ग बंद झाला. जिना उतरताना सायलीने माझं बोट धरलं. “मामा, माझ्या मेंदूतच बिघाड आहे ना रे?”

मी तिला वाघाची गोष्ट सांगितली.

आता ती एकोणीसची. दहावी लेखनिक घेऊन, रडतखडत. हॉटेलात मेनूकार्ड आलं की “तूच मागव.” यंदा दादरला एक बाई भेटल्या — पुन्हा तेच बोट, तेच सुटे आवाज. या वेळी सराव ती एकटी करते. आणि जमतंय तिला. तुम्हाला आनंद होईल. मी मात्र दिवस मोजतोय. बिघाड मेंदूत नव्हताच, हे तिच्या लक्षात यायला आता किती दिवस?

गेल्या रविवारी ती माळ्यावरून ती जुनी वही काढून घेऊन आली. माझ्यासमोर बसली, बोट ठेवलं. यातलं काहीच तिला पाठ नव्हतं. “आ...ज. अर्धा... ता...स. स...रा...व... केला.” पान उलटलं. पुन्हा तेच. आठव्या पानावर तर न अडखळता.

मग वर बघून हसली. “काय रे मामा, किती केलंस माझ्यासाठी!”

मी मान डोलावली.